मेलेल्या सवतीची आई

"आमा येतायत," भगवान म्हणाला, आणि ललिताच्या हातातली मेथीची जुडी निवडायची तशीच राहिली.

आमा म्हणजे सूलिनची आई. आणि सूलिन म्हणजे भगवानची पहिली बायको... मलेशियातल्या पेनांगची चिनी मुलगी, ओमानमधल्या सूरच्या गॅस प्लांटमध्ये भगवानच्याच विभागात इंजिनियर होती, तिथंच त्यांचं जमलं, लग्न झालं, तृप्ती झाली, आणि तृप्ती सहा वर्षांची असताना आजारपणानं ती गेली. तिच्या अस्थी आमांनी पेनांगला नेल्या. पण ललिताला विचाराल तर सूलिन कुठंही गेलेली नव्हती! ती याच घरात होती, दिवाणखान्यातल्या फळीवर, चांदीच्या चौकटीत, वाऱ्यानं उडालेले केस एका हातानं सावरत हसत बसली होती.

"कधी येतायत?"

"गुरुवारी. शुक्रवारी चेंगबेंग आहे ना त्यांचं. यंदा त्यांना इथं करायचंय."

चेंगबेंग म्हणजे चिनी लोकांचा पितरांचा दिवस. हिंदूंची सर्वपित्री असते ना, तसंच काहीसं. फक्त इथं कावळ्याची वाट बघत बसायचं नसतं. मेलेल्या माणसापुढे गरम जेवण वाढायचं, चहा ठेवायचा, उदबत्त्या लावायच्या आणि मग कागदाचे कपडे, कागदाचं घर, कागदाच्या नोटा अंगणात जाळायच्या. जे जाळाल ते पलीकडे त्या माणसाला पोचतं, अशी त्यांची श्रद्धा. लग्न होऊन ललिता सूरला आली त्यानंतरच्या पहिल्या चेंगबेंगला भगवाननं बाजारातून ताजं पापलेट आणलं, स्वतः तळलं, आणि त्यातला मधला, सगळ्यांत चांगला तुकडा आधी फोटोपुढे ठेवला. ललितानं त्या दिवशी पापलेटाला हात लावला नाही. आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही!

सवत जिवंत असती तर गोष्ट वेगळी. तिच्याशी भांडता येतं, तिचं आळणी कालवण चारचौघांत दाखवून देता येतं, काहीच नाही तर झिंज्या तरी उपटता येतात. शेजारच्या मेहनाजनं एकदा चहा पिता पिता हसत म्हटलं होतं, "मरी हुई सौतन कभी बूढ़ी नहीं होती, ललिता." मेहनाज बोलून मोकळी झाली, पण ते वाक्य ललिताच्या काळजात घुसून बसलं. ती आरशात कानशिलाजवळचे पांढरे केस बघायची आणि मग दिवाणखान्यात जाऊन फोटोतले ते काळेभोर केस बघायची... धोबी अजून तिला चुकून 'सूलिन मॅडम' म्हणायचा. गाडीच्या आरशाला सूलिनच्या हातचा लाल गोफ लटकत होता. तृप्तीचं कपाळ सूलिनचं, हसणंही सूलिनचं. आणि तृप्ती ललिताला 'आंटी' म्हणायची.

तशी ललिता काही हावरट बाई नव्हती. वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती. अकोल्याला शाळेत नोकरी धरून तिनं धाकट्या लोकेशला शिकवलं, त्याला उभं केलं, आईचं आजारपण काढलं, आणि या सगळ्यात लग्नाचं वय टळून गेलं. लोकेशची बायको घरात आली आणि त्या घरातली ललिताची जागाही गेली. मग हे स्थळ आलं... बिजवर, एक मुलगी, पण माणूस चांगला, परदेशात नोकरी. 'पदरी पडलं पवित्र झालं' म्हणून ती विमानात बसली. तिला दागिने नको होते, गाडी नको होती. एकदाच, एकाच घरात, कुणाची तरी पहिली व्हायचं होतं. आणि नशीब बघा कसं... नेमकी तीच जागा आधीच भरलेली निघाली.

"आपण बौद्ध आहोत," ती त्या दिवशी मेथी बाजूला सारून म्हणाली. "बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण. श्राद्ध नाही, पिंडदान नाही. तुम्हीच तर मस्कतला जयंतीच्या कार्यक्रमात यावर भाषण ठोकलं होतं. मग घरात हे काय चाललंय?"

"मी श्राद्ध करत नाही, ललिता. ती मरताना तिला शब्द दिलाय, दर वर्षी तिचं ताट वाढीन म्हणून. तो पाळतो."

"आणि मला कुठला शब्द दिलाय?"

त्यावर तो म्हणाला, "खलास, ललिता, पुरे झालं. चार दिवसांचा प्रश्न आहे," आणि उठून गेला. ललिताला मनातून ठाऊक होतं की आपण प्रतिज्ञांचा आधार घेतला खरा, पण आतून बोलला तो मत्सर. ते ठाऊक होतं म्हणूनच ती जास्त चिडली.

गुरुवारी आमा आल्या. ठेंगण्या, वाळक्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, एका गुडघ्यानं अधू. सगळं आयुष्य शिवणकामात गेलेलं, त्यामुळे खांदे पुढे झुकलेले. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायच्या, अडलं की आपल्या भाषेत सुरू व्हायच्या आणि तृप्ती तिला जमेल तसं सांगायची. दारातच त्यांनी ललिताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं, खांद्यावरून वीतभर हात फिरवला, मान हलवली, आणि तृप्तीला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" ललितानं विचारलं.

"म्हणाली... तू उंच आहेस. मम्मीपेक्षा," तृप्ती म्हणाली.

ललिताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे मोजमापच घ्यायला आली म्हातारी! बाजारात भोपळा ठोकून बघावा तशी! तिनं तरीही हसून पाणी दिलं, बेसनाचा लाडू दिला. आमांनी लाडू खाल्ला, तृप्तीच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. दुपारभर दार बंदच. चहा घेऊन ललिता गेली तेव्हा पलंगावर बॅग उघडी पडलेली दिसली. कागदाचा फ्रॉक, कागदाचे बूट, कागदाचा चष्मा, एसी लावलेलं कागदाचं घर, आणि आमाच्या मांडीवर खरंखुरं लाल रेशमी जाकीट, त्यावर जरीचे पक्षी. आमांनी ते चटकन चादरीखाली सरकवलं. ललितानं चहा ठेवला आणि परत फिरली. लेकीला कागद पुरला नाही, आता रेशीम पाठवतेय... आणि माझ्यापासून लपवतेय! मी काय चोरणार होते?

शुक्रवारी सकाळी तृप्ती कंगवा घेऊन ललितासमोर येऊन बसली. रोजचंच ते. ललिता तिची सागरवेणी घालत होती, तृप्ती कालच्या गणिताच्या पेपरची रडकथा सांगत होती, आणि आमा सोफ्यावरून टक लावून बघत होत्या. बघता बघता त्यांचे डोळे भरले. त्यांनी तोंड फिरवलं. 'बघवत नाहीये तिला माझा हात या केसांत,' ललिताला वाटलं, आणि तिनं मुद्दाम शेवटचा पेड जरा सावकाश घातला.

मग मांडामांड सुरू झाली. फळीखाली टेबल सरकवलं गेलं. उकडलेली अख्खी कोंबडी, तळलेला मासा, संत्री, भाताचा वाडगा, चॉपस्टिक्स, चहाचे छोटे पेले. या सगळ्याच्या मधोमध, फोटोच्या अगदी पुढ्यात, आमांनी ते लाल जाकीट घडी करून ठेवलं आणि त्यावर सोन्याच्या दोन बारीक रिंगा. ललिता स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिला वाटलं होतं रेशमावरच भागेल. आता सोनंसुद्धा! तिच्या स्वतःच्या लग्नात, बुद्धविहारात, पांढरी साडी आणि एक मंगलसूत्र... त्याबद्दल तिनं कधी एका शब्दानं तक्रार केली नव्हती. पण मेलेल्या बाईला रिंगा?

आमांनी दोन नाणी हातात घेतली, डोळे मिटून फोटोशी काहीतरी पुटपुटल्या आणि नाणी जमिनीवर टाकली. बघितलं. तोंड उतरलं. पुन्हा टाकली. पुन्हा तेच.

"काय करतायत?" ललितानं हळूच विचारलं.

"विचारतायत तिला," भगवान म्हणाला. "एक छापा एक काटा आला तर हो. दोन्ही सारखे आले तर नाही."

"काय विचारतायत?"

"मलाही नाही सांगितलं."

मग एक नवलच झालं. आमा फोटोवर चक्क रागावल्या. बोट नाचवत, आवाज चढवून, एखादी आई शाळेतून उशिरा आलेल्या पोरीला झापते तसं झापलं त्यांनी तिला. तिसऱ्यांदा नाणी टाकली... आणि खाली वाकून बघताच त्यांचा चेहरा खुलला. ललिता आत वळली आणि कारण नसताना धुतलेली कढई पुन्हा धुवायला लागली. जाकीट आवडलं वाटतं राणीसरकारांना!

अंगणाच्या कोपऱ्यात भगवानचा बार्बेक्यूचा ड्रम होता. त्यातच जाळ केला. कागदाचा फ्रॉक गेला, बूट गेले, चष्मा गेला. ते एसीचं घर भपकन पेटलं तेव्हा तृप्ती टाळ्या पिटायला गेली आणि बापाचा चेहरा बघून थांबली. भगवान रडत होता. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी गालांवरून वाहत होतं. दीड वर्षाच्या संसारात ललितानं त्याला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं... माझ्यासाठी कधी येईल का याच्या डोळ्यांत पाणी? मी मेले तर हा एवढं रडेल का?

आमा तृप्तीला काहीतरी म्हणाल्या. तृप्ती पळत आत गेली आणि ताटात ते लाल जाकीट घेऊन आली. आमांनी जाकीट दोन्ही हातांनी उचललं आणि ललिताकडे वळल्या.

ललितानं पुढचं काही ऐकलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे लाल धूर झाला होता. "द्या इकडे," ती म्हणाली, "स्वयंपाक मी केला, टेबल मी पुसलं, मग हे एवढं तरी कशाला राहू दे. माझ्याच हातानं जाऊ दे. घे बाई, तुझं तुला." आणि तिनं ते जाकीट आमाच्या हातून हिसकून जाळात टाकलं.

आमा ओरडल्या. असं ओरडणं ललितानं जन्मात ऐकलं नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी त्या म्हातारीनं, त्या अधू गुडघ्याच्या वाळक्या बाईनं, आपला उजवा हात कोपरापर्यंत त्या जाळात घातला! भगवान धावला, त्यानं त्यांना मागे ओढलं, तरी मूठ सुटली नाही. मुठीत जाकीट होतं. एक बाही जळून काळी झाली होती. आमा ते छातीशी धरून, झटकून झटकून, त्यावरच्या ठिणग्या डाव्या हातानं विझवत होत्या आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या.

"काय म्हणतायत त्या? तृप्ती, काय म्हणतायत?" ललिता ओरडली.

"म्हणते... हे तुझं आहे. आंटीचं. तिकडे नाही पाठवायचं. पाठवलं तर... तू पण तिकडे जाशील."

ललितानं आमांना धरून आत नेलं.

मोरीतल्या नळाखाली तिनं आमाचा हात धरला. हाताची कातडी लाल होऊन फुगत चालली होती. भगवान गाडीची किल्ली शोधत होता. ललिता रडत होती, पाणी ओतत होती, आणि आमा दुसऱ्या हातातलं ते जळकं जाकीट सोडायला तयार नव्हत्या.

"माझ्यासाठी का आणलं?" तिनं विचारलं. "मी तुमची कोण?"

मोडक्या इंग्रजीत, अडेल तिथं तृप्तीच्या तोंडून, आमांनी सांगितलं. त्यांच्याकडे जावयानं दुसरं लग्न केलं की मेलेल्या मुलीचे आईबाप त्या नव्या बायकोला आपली मुलगी करून घेतात. तिला कपडे करायचे, कानात सोनं घालायचं. मेलेली ती थोरली, आलेली ती धाकटी. मग दोघींत भांडण राहत नाही. आजच्या दिवशी लाल रंग खरं तर चालत नाही, पण हा गुडघा पुन्हा एवढा प्रवास करू देणार नाही, म्हणून आजच.

"कुणाचं भांडण?" ललितानं विचारलं. तिला वाटलं, म्हातारीनं आपलं मन वाचलं.

"सूलिनचं," आमा म्हणाल्या. "स्वप्नात येते. दाराबाहेर उभी असते. फार रागात. ती तुझ्यावर जळते."

ललिता त्या तसल्या वेळी हसली. हसू की रडू, तिचं तिलाच कळेना. "माझ्यावर? ती? घर तिचं, नवरा तिचा, लेक तिची... माझ्याकडे आहे काय, तिनं जळावं असं?"

आमांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "सकाळी तू तिच्या मुलीची वेणी घालत होतीस. तिला आता हात नाहीत."

नळाचं पाणी वाहत राहिलं. दीड वर्ष... दीड वर्ष त्या फोटोतल्या हसण्यावर ती जळत होती, आणि पलीकडे, असेलच कुठे पलीकडे काही, तर तिथं एक आई आपल्या पोरीच्या केसांसाठी तळमळत उभी होती! आपण जिचा हेवा केला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. एक वेणीसुद्धा नाही.

"दोनदा नाही म्हणाली," आमा सांगत होत्या. "लहानपणापासून हट्टी. मग मी रागावले. म्हटलं, तृप्तीला ताप होता तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? तू नव्हतीस. ही होती. मग हो म्हणाली."

"तुम्हाला कसं कळलं तापाचं?"

"मी सांगितलं," तृप्ती खाली मान घालून म्हणाली. "फोनवर. मी... सगळं सांगते आमाला. तुझं."

भगवान किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "ललिता," तो म्हणाला, "मी तुला कधी विचारलंच नाही, तुला या घरात काय खुपतं ते."

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "आता आधी यांना दवाखान्यात न्या. चला, मीही येते."

परत यायला दुपार झाली. आमाच्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी. डॉक्टर म्हणाला, जखम वरवरची आहे, भरेल. घरी येताच आमांनी जाकीट पुढे केलं. ललितानं ते अंगात घातलं. खांदे बरोबर, लांबी बरोबर, मनगटही बरोबर, नुसती उजवी बाही कोपरापाशी करपलेली. आमांनी डाव्या हातानं, दोनदा चुकून, तिच्या कानात रिंगा घातल्या. मग ललिता फोटोपुढे गेली. फोटोतली बाई अजून तेवढीच सुंदर होती, भुवया अजून तेवढ्याच कोरीव, आणि खोटं कशाला बोला, ललिताच्या पोटात अजूनही कुठंतरी बारीकसं जळलंच. सुंभ जळला तरी पीळ एका दिवसात थोडाच जातो! तरी तिनं पेल्यात चहा ओतला.

"सूलिनताई," ती म्हणाली, "मी श्राद्ध मानत नाही. मानणारही नाही. पण थोरल्या बहिणीला चहा द्यायला कुणाची ना नाही." थोडं थांबून, आवाज खाली करून ती पुढे म्हणाली, "केसांची काळजी करू नकोस. मी आहे."

भगवाननं चष्मा काढून डोळे पुसले.

सगळे जेवायला बसले. भाताचं ताट समोर आलं, पण आमाच्या उजव्या हाताला चॉपस्टिक्स काय, चमचाही धरता येईना. डाव्या हातानं दोनदा प्रयत्न करून त्यांनी चमचा खाली ठेवला आणि ताटाकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही अशा, हळूच काहीतरी बोलल्या. तृप्ती सांगायला बिचकली.

"सांग," ललिता म्हणाली.

"आमा म्हणते... ज्याला मुलं नाहीत ना, तो मेल्यावर उपाशी फिरतो. तिची एकच मुलगी. ती गेली. मग आता... आमाला कोण वाढणार?"

भगवाननं चमकून ललिताकडे पाहिलं. प्रतिज्ञा, विहार, भाषण... त्याला सगळं ठाऊक होतं. ती खोटं वचन देणार नाही, हेही ठाऊक होतं.

ललिता उठली. आपली खुर्ची ओढून आमाशेजारी बसली. भातावर वरण घातलं, तूप सोडलं, लिंबू पिळलं, आणि करपलेली बाही मागे सारून हातानं कालवलं.

"आमच्यात मेल्यावर वाढत नाहीत, आई," ती मराठीतच म्हणाली, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत तिला हे बोलताच आलं नसतं. "आमच्यात जिवंतपणी वाढतात. तू आता पेनांगला एकटी राहायचं नाहीस. इथं राहायचंस. रोज वाढीन." तिनं घास पुढे केला. "उघड तोंड."

तृप्ती घाईघाईनं इंग्रजीत सांगायला लागली, पण आमांनी त्याआधीच तोंड उघडलं होतं.